परदेशातील शिक्षण आणि सांस्कृतिक समायोजन : तीन मराठी विद्यार्थ्यांच्या अनुभवांचा ऐतिहासिक अभ्यास (१८८३ ते १९१७)

बीजशब्द : परदेशगमन, सांस्कृतिक समायोजन, समुद्रगमननिषेध, स्त्रीशिक्षण, जातिव्यवस्था

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात पाश्चात्त्य शिक्षणाचा प्रसार झाला. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. तथापि काही प्रकारचे शिक्षण आणि काही परीक्षा यांच्यासाठी समुद्र ओलांडणे अपरिहार्य होते. सनदी सेवेची परीक्षा १९२२ पर्यंत केवळ लंडन येथेच होत असे. बॅरिस्टरची सनद तेथेच मिळत असे. स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाची सोय तर या देशात अत्यंत तुटपुंजी होती. त्यामुळे मोजके विद्यार्थी परदेशी जाऊ लागले आणि त्यांच्यासमोर भाषा, अन्न, पोशाख, हवामान, धर्म व सामाजिक शिष्टाचार यांच्याशी जुळवून घेण्याचा प्रश्न उभा राहिला. या प्रक्रियेस सामाजिक शास्त्रांत सांस्कृतिक समायोजन असे म्हटले जाते.

सांस्कृतिक समायोजनाचा विचार बहुधा दोन पक्षांच्या संदर्भात केला जातो. एका बाजूस नवखा विद्यार्थी आणि दुसऱ्या बाजूस यजमान समाज. विद्यार्थ्याने नव्या चालीरीती किती लवकर आत्मसात केल्या यावरून त्याचे यश मोजले जाते. परंतु महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचा इतिहास पाहता ही मांडणी अपुरी ठरते. येथे तिसरा पक्षही तितकाच प्रभावी होता आणि तो म्हणजे मागे राहिलेला स्वसमाज. विद्यार्थी बोटीत बसला तरी त्याच्या समाजाने घातलेल्या अटी त्याच्यासोबत प्रवास करीत होत्या आणि परतल्यावर त्या त्याची वाट पाहत होत्या. प्रस्तुत शोधनिबंधात डॉ. आनंदीबाई जोशी, पंडिता रमाबाई आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेतील अनुभवांच्या आधारे या त्रिपक्षीय प्रक्रियेचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) परदेशगमनाविषयी तत्कालीन हिंदू समाजाने घातलेल्या अटींचे स्वरूप समजून घेणे.
२) तीन विद्यार्थ्यांनी यजमान समाजाशी कोणत्या बाबतींत जुळवून घेतले व कोणत्या बाबतींत नकार दिला, याचा अभ्यास करणे.
३) लिंगभाव व जात या घटकांमुळे समायोजनाच्या अनुभवात पडलेला फरक स्पष्ट करणे.

गृहीतक

परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे समायोजन हे परक्या समाजाच्या वागणुकीइतकेच स्वसमाजाने घातलेल्या अटींवर अवलंबून असते.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. या तिन्ही व्यक्तींची पत्रे, भाषणे व आत्मकथनपर लेखन उपलब्ध असल्याने त्यांच्या अनुभवांचा मागोवा घेणे शक्य होते. आनंदीबाईंचे चरित्र अमेरिकेत कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये व मराठीत काशीबाई कानिटकर यांनी लिहिले. पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. बाबासाहेबांचे लेखन महाराष्ट्र शासनाने खंडरूपाने प्रकाशित केले आहे.

समुद्रगमन आणि समाजाच्या अटी

समुद्रप्रवासाचा निषेध धर्मशास्त्रात जुना आहे. बौधायन धर्मसूत्रात समुद्रगमनाची गणना पतनास कारण होणाऱ्या कर्मांत केलेली आढळते, तर पुढील काळातील निबंधग्रंथांत ते कलिवर्ज्य मानले गेले. एकोणिसाव्या शतकात या निषेधाचा व्यवहारातील अर्थ अन्नपाण्याशी जोडलेला होता. बोटीवर व परदेशात कोणाच्या हातचे खाल्ले, कोणाच्या पंक्तीस बसले, हा खरा प्रश्न होता. परतलेल्या व्यक्तीस पंचगव्यादी प्रायश्चित्त घ्यावे लागे. ते न घेतल्यास पंक्तिव्यवहार व विवाहसंबंध बंद होत आणि बहिष्काराची झळ सर्व कुटुंबास लागे.

मोहनदास करमचंद गांधी यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १८८८ मध्ये लंडनला निघण्यापूर्वी मुंबईत मोढ वाणी जातीची सभा भरली व त्यांना जातिबाह्य ठरविण्यात आले. तत्पूर्वी मातेच्या समाधानासाठी त्यांनी मद्य, मांस व परस्त्रीसंग वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा घेतली होती. लंडनमध्ये त्यांनी नृत्य, व्हायोलिन व वक्तृत्व यांचे धडे घेऊन इंग्रज गृहस्थ होण्याचा प्रयत्न काही काळ केला. परंतु त्यांना स्थैर्य लाभले ते शाकाहारी मंडळाच्या कार्यात. मातेला दिलेले वचन हेन्री सॉल्ट यांच्या लेखनाच्या वाचनानंतर त्यांची स्वतःची निष्ठा बनले. १८९१ मध्ये परतल्यावर नाशिक येथे त्यांचे शुद्धिस्नान झाले. घरच्या अटीचे स्वतःच्या निवडीत रूपांतर होणे, ही समायोजनाची एक महत्त्वाची अवस्था असल्याचे या उदाहरणावरून दिसून येते.

अन्नपाण्याचा हा नियम परदेशगमनापुरता मर्यादित नव्हता. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्य झाले आणि हे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. ज्यांच्या खटपटीमुळे ही नावे वृत्तपत्रात झळकली ते गोपाळराव जोशी हे आनंदीबाईंचे पती होते. मिशनमधील एका चहाच्या पेल्यासाठी जेथे प्रायश्चित्ताची चर्चा दीर्घकाळ चालली, तेथे तीन वर्षे परदेशात राहणाऱ्या विद्यार्थिनीसमोरील प्रश्नाची तीव्रता सहज लक्षात येते.

डॉ. आनंदीबाई जोशी : वचनाचे ओझे

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यातील नोकर गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा अल्पावधीतच दगावला आणि वैद्यकीय मदतीअभावी स्त्रिया व अर्भके यांची होणारी हानी त्यांनी स्वतः अनुभवली. गोपाळरावांनी कोल्हापूरला असताना अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार करून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. वाइल्डर यांच्या उत्तराचा रोख धर्मांतराकडे होता. हा पत्रव्यवहार मिशनरी नियतकालिकात छापला गेला आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी कोणतीही धार्मिक अट न घालता आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. अमेरिकेतील समायोजनाचा पाया असा प्रत्यक्ष भेटीपूर्वी तीन वर्षे पत्रांतून घातला गेला होता.

परकेपणाचा अनुभव मात्र त्यांना अमेरिकेत प्रथम आला असे म्हणता येत नाही. पतीच्या बदल्यांमुळे त्या अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज व पुढे बंगाल अशा भिन्न प्रांतांत राहिल्या. शिकणारी, पायांत जोडे घालून पतीसह उघडपणे रस्त्याने चालणारी ब्राह्मण स्त्री पाहून लोक टवाळी करीत. बंगालमध्ये तर अशी स्त्री विवाहित असेल यावर लोकांचा विश्वास बसत नसे. स्वदेशातच त्यांना परकीयासारखे जगावे लागले होते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी अमेरिकेस जाण्यामागील कारणे इंग्रजीतून जाहीरपणे मांडली. हिंदुस्थानात शिक्षण का घेत नाही, एकटी का जाते, परतल्यावर बहिष्कार पडल्यास काय करणार, इतर स्त्रियांनी जे केले नाही ते आपण का करावे, अशा प्रश्नांना त्यांनी क्रमवार उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या लोकांत राहीन, या आशयाचे वचन त्यांनी याच सभेत दिले. स्त्रीने समुद्र ओलांडण्यास मान्यता मिळावी यासाठी समाजाला दिलेली ही जाहीर हमी होती. पुढील तीन वर्षांतील त्यांची प्रत्येक निवड या हमीच्या कसोटीवर तपासली जाणार होती.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. सोबत पती नव्हते. कार्पेंटर यांच्या घरी त्यांना कुटुंबातील व्यक्तीप्रमाणे वागविले गेले. तेथे त्यांनी हिंदू पद्धतीचे जेवण रांधून पाहुण्यांना खाऊ घातले. यजमानाची रीत शिकत असतानाच आपली रीत यजमानास दाखविण्याचा त्यांचा हा प्रयत्न लक्षणीय आहे. ऑक्टोबर १८८३ मध्ये त्यांनी फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये अभ्यासास प्रारंभ केला. रेचेल बॉडली या तेथील अधिष्ठाता होत्या. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती त्यांना मंजूर झाली.

फिलाडेल्फियातील दैनंदिन जीवन खडतर होते. शाकाहाराचे बंधन असल्याने स्वयंपाक बहुधा स्वतःच करावा लागे. खोलीतील शेगडी नीट पेटत नसे आणि धुराचा त्रास होई. व्याख्याने, शवविच्छेदन व रात्रीचा अभ्यास यांच्या जोडीला चुलीचे हे काम होते. नऊवारी लुगड्याच्या नेसणीत पोटऱ्या उघड्या राहत असल्याने तेथील थंडीत ती अडचणीची ठरली. त्यावर त्यांनी गुजराती धर्तीची पायघोळ नेसण स्वीकारली. हा बदल अभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारा आहे. त्यांनी पाश्चात्त्य झगा घातला नाही आणि मराठी ब्राह्मणी नेसणीचा हट्टही धरला नाही. हिंदुस्थानातीलच दुसऱ्या प्रांताची रीत त्यांनी अमेरिकेच्या हिवाळ्यासाठी उपयोगात आणली. दिलेले वचन शब्दशः न मोडता त्याचा अर्थ विस्तारण्याचा हा मार्ग होता. मात्र अशा प्रत्येक बदलाचे स्पष्टीकरण त्यांना दूरवर असलेल्या पतीस पत्राने द्यावे लागे. पत्नीने शिकावे असा आग्रह धरणारे गोपाळराव या काळातील पत्रांतून अनेकदा संशयी व कठोर सुरात लिहीत असल्याचे दिसते.

यजमान समाजाच्याही अपेक्षा होत्या. मिशनरी वर्तुळास त्यांच्या धर्मांतराची आशा होती. सामान्य श्रोत्यांना हिंदू स्त्रीच्या दुःखाची कहाणी ऐकायची होती. अशा एका श्रोतृवर्गासमोर बालविवाहावर बोलताना आनंदीबाईंनी त्या प्रथेचे समर्थन केले, तेव्हा ऐकणाऱ्यांना आश्चर्य वाटले. स्वतः बालविवाहाचे परिणाम भोगलेल्या स्त्रीची ही भूमिका प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु परक्या सभेत एकटी व्यक्ती जेव्हा सर्व देशाची प्रतिनिधी मानली जाते, तेव्हा स्वतःच्या समाजावर टीका करण्याचे तिचे स्वातंत्र्य संकोचते. घरी जे बोलता आले असते ते परदेशात बोलणे अवघड होते. समायोजनाच्या अभ्यासात या प्रातिनिधिकतेच्या दडपणाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूर संस्थानाने त्यांची अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागावर नेमणूक केली. तथापि तोपर्यंत क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा महिनाभराचा अवधी होता. त्यांची रक्षा कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आली व न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आली. हिंदुस्थान सोडण्यापूर्वीही त्यांची प्रकृती ठीक नव्हती, त्यामुळे त्यांच्या मृत्यूचे खापर केवळ आहार वा पोशाखावर फोडणे इतिहासास धरून होणार नाही. परंतु प्रकृती ढासळत असतानाही राहणीतील बदलांचे स्वातंत्र्य त्यांना मर्यादित प्रमाणातच होते, हेही नाकारता येत नाही.

पंडिता रमाबाई : धर्मांतरानंतरचा नकार

पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ मधील. अनंतशास्त्री डोंगरे यांनी कन्येस संस्कृतचे शिक्षण दिले. १८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या उपाधींनी गौरविले. १८८२ मध्ये वैधव्यानंतर त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि ‘स्त्रीधर्मनीती’ हा ग्रंथ लिहिला. या ग्रंथाच्या विक्रीतून आलेल्या पैशांचा उपयोग त्यांना १८८३ च्या इंग्लंड प्रवासासाठी झाला. आनंदीबाईंप्रमाणेच त्यांचाही हेतू वैद्यकीय शिक्षण घेण्याचा होता, परंतु श्रवणदोषामुळे तो सिद्धीस गेला नाही.

कन्या मनोरमा व सहकारी आनंदीबाई भगत यांच्यासह त्या वाँटेज येथील सेंट मेरी मठात राहिल्या. निघण्यापूर्वी त्यांनी ख्रिस्ती होणार नसल्याचे सांगितले होते. मात्र इंग्लंडमधील पहिल्याच वर्षी आनंदीबाई भगत यांनी आत्मघात केला आणि त्यानंतर २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात या घटनेवर तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. यजमान समाजात विरघळून गेल्याचे हे उदाहरण आहे असा समज त्यामुळे रूढ झाला. पत्रव्यवहार पाहता मात्र हा समज टिकत नाही.

धर्मांतरानंतरही रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना यात जातीचा अभिमान दिसे. रमाबाईंचे उत्तर असे होते की आपण हिंदू आहोत, तसे म्हणवून घेणे आपल्याला आवडते आणि पूर्वजांच्या चालीरीती शक्य तितक्या आपण पाळतो. गळ्यात धारण करावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत की संस्कृत, यावरूनही मतभेद झाला. आपल्या देशभगिनींना लॅटिन समजत नाही, मग त्या भाषेस विशेष पावित्र्य कशासाठी द्यावयाचे, असा त्यांचा सवाल होता. चेल्टनहॅम येथील लेडीज कॉलेजमध्ये त्यांनी १८८४ ते १८८६ या काळात अध्ययन केले व संस्कृतचे अध्यापनही केले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही हा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील वरिष्ठ अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांनी त्यास विरोध दर्शविला. असे केल्यास परतल्यावर देशी समाजात त्यांची प्रतिष्ठा जाईल, असे कारण पुढे करण्यात आले. ज्या स्त्रीने हिंदुस्थानात शास्त्री-पंडितांच्या सभा गाजविल्या होत्या, तिला पुरुषांसमोर शिकविण्यास इंग्लंडमध्ये मनाई व्हावी, हा विरोधाभास रमाबाईंनी निर्भीडपणे दाखवून दिला. श्रद्धेच्या प्रश्नांतही कोणा मध्यस्थाच्या आज्ञेपेक्षा स्वतःच्या विवेकास त्या प्रमाण मानीत.

फेब्रुवारी १८८६ मध्ये त्या आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी इंग्लंडहून अमेरिकेस निघाल्या. अमेरिकेतील वास्तव्य त्यांना अधिक मानवले. तेथे १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ बॉडली यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला आणि बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. तेथील लोकशाही, शिक्षण व स्त्रियांच्या संघटना यांची त्यांनी प्रशंसा केली, परंतु मूळ रहिवाशांवरील अन्याय व वर्णद्वेष यांवर टीकाही केली. परदेशाचे निरीक्षण करून त्याचा न्यायनिवाडा स्वभाषेत करणारी मराठी स्त्री येथे दिसते. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांची नेहमीची स्थाने या ग्रंथात बदलली आहेत.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. तेथे विधवा विद्यार्थिनींना आपापले जातिनियम पाळण्याची मोकळीक होती. वाँटेज येथे स्वतःच्या आहाराबाबत ज्या समजूतदारपणाची अपेक्षा रमाबाईंनी धरली होती, तोच त्यांनी आपल्या संस्थेत अंगीकारल्याचे यावरून म्हणता येईल. तरीही १८९३ मध्ये विद्यार्थिनींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याच्या आरोपावरून रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी संबंध सोडले आणि अनेक मुली सदनातून काढून नेण्यात आल्या. इंग्लंडमध्ये त्या पुरेशा ख्रिस्ती ठरल्या नाहीत आणि पुण्यात पुरेशा हिंदू ठरल्या नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर : परतीचा प्रश्न

वरील दोन्ही उदाहरणे उच्चवर्णीय कुटुंबांतील आहेत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्याच्या बाबतीत समायोजनाचे गणित मुळातच वेगळे होते. सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सुरुवातीस वसतिगृहातील जेवण त्यांना रुचले नाही व त्यांनी राहण्याची जागा बदलली. पुढे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची आयुष्यभराची मैत्री जडली. अन्न व निवास यांविषयीच्या या अडचणी कोणत्याही नवागत विद्यार्थ्यास येतात तशाच होत्या.

त्यांच्यासाठी खरा नवा अनुभव वेगळाच होता. एका मेजावर बसून जेवणे, ग्रंथालयात मुक्तपणे वावरणे, शेजारच्याने विटाळ न मानणे या गोष्टी तेथे सहज घडत होत्या. आनंदीबाईंना ज्या पंक्तिनियमांचे जतन परदेशात करावे लागले, त्याच नियमांनी आंबेडकरांना शाळेत पाण्यापासून दूर ठेवले होते. त्यामुळे परदेशात ते नियम गळून पडणे ही त्यांच्या दृष्टीने हानी नव्हती. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. पदवी मिळविली. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेची उत्पत्ती, रचना व वाढ यांवर त्यांनी निबंध वाचला. जातीपासून मिळालेल्या अंतराचा उपयोग त्यांनी जातीच्याच शास्त्रीय अभ्यासासाठी केला. त्यानंतर ते लंडनला गेले.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले आणि करारानुसार ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी आपल्या आत्मकथनपर लेखनात नमूद केले आहे. बडोदे स्थानकावर उतरताच कोठे राहायचे या प्रश्नाने ती जाणीव परत आली. हिंदू खाणावळीत प्रवेश मिळणे शक्य नव्हते. अखेर एका पारशी पथिकाश्रमात त्यांनी पारशी नावाने नोंद करून आश्रय घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना गाठले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. एका हिंदू मित्राने, तुम्ही आलात तर घरचे नोकर निघून जातील, असे सांगितले. एका ख्रिस्ती मित्राने पत्नीचा विचार घ्यावा लागेल असे म्हटले. काही तास सार्वजनिक बागेत बसून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

कोलंबियाचा पदवीधर न्यूयॉर्कमध्ये जागा मिळवू शकला, परंतु ज्या संस्थानाने त्याला तेथे पाठविले त्या संस्थानाच्या राजधानीत त्याला निवारा मिळाला नाही. स्वतःचे नाव लपविण्याची वेळ त्याच्यावर स्वदेशात आली. समायोजनाच्या रूढ व्याख्येत हा प्रसंग बसत नाही, कारण येथे परका ठरविणारा समाज हा स्वतःचाच समाज होता.

तौलनिक विवेचन

या तीन अनुभवांत काही समान सूत्रे आढळतात. पहिले सूत्र निवडीचे आहे. तिघांनीही परदेशी रीती सरसकट स्वीकारल्या अथवा नाकारल्या नाहीत. आनंदीबाईंची बदललेली नेसण, रमाबाईंचा संस्कृत अक्षरांचा आग्रह आणि आंबेडकरांनी पाश्चात्त्य ज्ञानशाखेतून केलेले जातीचे विश्लेषण ही निवडीचीच रूपे आहेत. दुसरे सूत्र आधाराचे आहे. कार्पेंटर यांचे घर, बॉडली यांचे पाठबळ, भथेना यांची मैत्री यांसारखे अट न घालणारे संबंध जेथे लाभले, तेथे विद्यार्थ्याची वाटचाल सुकर झाली. जेथे साहाय्याबरोबर आज्ञापालनाची अपेक्षा होती, तेथे वाँटेजप्रमाणे संघर्ष उद्भवला.

फरकही तितकेच महत्त्वाचे आहेत. पुरुष विद्यार्थ्याची प्रतिज्ञा बहुधा कुटुंबापुरती होती, तर स्त्रीला जाहीर सभेत वचन द्यावे लागले आणि तिचा पोशाख, आहार व सोबत हे सार्वजनिक चर्चेचे विषय ठरले. जातीच्या बाबतीत तर एकाच आचाराचा अर्थ उलट होतो. ब्राह्मण विद्यार्थिनीच्या दृष्टीने आचार टिकविणे हे आत्मसन्मानाचे लक्षण होते. दलित विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याच आचारांपासून मिळालेली मुक्ती हा आत्मसन्मानाचा प्रारंभ होता. म्हणूनच संस्कृतीचे जतन हे मूल्य सर्वांसाठी सारखे मानून समायोजनाचे मूल्यमापन करता येत नाही.

निष्कर्ष

१) परदेशी शिक्षणातील समायोजन ही विद्यार्थी, यजमान समाज व स्वसमाज यांच्यातील त्रिपक्षीय प्रक्रिया असल्याचे दिसून येते.
२) स्वसमाजाच्या अटींचा भार निघण्यापूर्वीच सुरू होतो व परतल्यावरही संपत नाही.
३) यजमान समाजाचे औदार्य नेहमीच निरपेक्ष नसते. साहाय्यासोबत येणाऱ्या अपेक्षांना नकार देणे हाही यशस्वी समायोजनाचा भाग आहे.
४) स्त्रियांवर संपूर्ण समाजाच्या प्रतिनिधित्वाचे दडपण अधिक होते आणि त्यामुळे त्यांच्या विचारस्वातंत्र्यावरही मर्यादा पडली.
५) जातीच्या भेदामुळे परदेशातील वास्तव्याचा अर्थ बदलतो. वंचित विद्यार्थ्यासाठी अधिक कठीण समायोजन मायदेशी परतल्यावरचे ठरले.

आज परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला समुद्रगमनाचे प्रायश्चित्त घ्यावे लागत नाही. तथापि काय खावे, कोणाशी विवाह करावा, परत यावे की न यावे याविषयीच्या घरच्या अपेक्षा त्याच्यासोबत जातातच. महाविद्यालयांतील मार्गदर्शनाचा भर प्रवेशप्रक्रिया, भाषेची परीक्षा व व्हिसा यांवर असतो. त्याच्या जोडीला या अपेक्षांविषयी मोकळा संवाद होणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याने परक्या समाजाशी कसे जुळवून घ्यावे हे सांगताना, बदलून परतलेल्या विद्यार्थ्याशी आपण कसे जुळवून घेणार आहोत, याचाही विचार समाजाने केला पाहिजे. या तीन विद्यार्थ्यांच्या आयुष्याने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच उपस्थित केला आहे.